धागा : घोड्याचा जबडा, बसचा जिना आणि मधुमेह्याचे हृदय

१/ सप्टेंबर १८७० मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. तो जानेवारी १८७१ च्या अखेरपर्यंत टिकला. शहरातील धान्य संपत गेले. लोकांनी आधी घोडे खाल्ले, मग मांजरे आणि उंदीर. प्राणिसंग्रहालयातील कॅस्टर व पोलक्स हे दोन हत्तीही मांसासाठी मारले गेले. या उपासमारीच्या महिन्यांत आपोलिनेर बुशार्दा या वैद्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. त्यांच्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी होत होती.

२/ बुशार्दा (१८०६–१८८६) मूळचे औषधनिर्माणशास्त्राचे अभ्यासक, पुढे पॅरिसमध्ये आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्याच काळात आणि त्यांच्याच शहरात प्योरी नावाचे नामांकित वैद्य याच्या अगदी उलट उपचार सांगत होते. लघवीवाटे साखर जाते, तर रुग्णाला साखर खाऊ घालून ती तूट भरून काढावी, असा त्यांचा हिशेब. आज हसू येते. पण रोगाचे मूळ कोठे आहे हेच ठाऊक नसताना हा तर्क वेडगळ नव्हता.

३/ वेढ्यातील निरीक्षणातून बुशार्दा यांनी अन्न तोडण्याचा धडा घेतलाच, परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. श्रम करणाऱ्या रुग्णांना पिष्टमय अन्न अधिक पचते, असे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून ते रुग्णांना अंगमेहनतीला लावत आणि रोज आपल्या लघवीची परीक्षा स्वतः करायला सांगत. घाम गाळून भाकरी मिळवण्याविषयीचे बायबलमधील वचन ते रुग्णांना शब्दशः लागू करीत. त्यांचा मधुमेहावरील मोठा ग्रंथ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

४/ अशा धाग्यांखाली ‘हे तर आपल्याकडे आधीपासून होते’ ही प्रतिक्रिया ठरलेली असते. या वेळी ती पूर्णपणे चुकीची नाही. म्हणून मूळ मजकूर काय आहे ते पाहू.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात रुग्णांचे दोन वर्ग केले आहेत. एक जन्मजात विकाराचा : कृश, कोरड्या अंगाचा, थोडे खाणारा, सतत तहानलेला. दुसरा अपथ्यातून आलेला : स्थूल, खादाड, बसून आणि लोळून दिवस काढणारा. या दुसऱ्या वर्गातील निर्धन रुग्णाने पादत्राण व छत्रीवाचून, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, असे सांगितले आहे. कोणी गाईंच्या मागे हिंडावे, कोणी विहीर खणावी. धनवानालाही सूट नाही. त्याने रानधान्य आणि रानफळे खाऊन हरणांसोबत राहावे.

५/ योजनाचे माप ग्रंथागणिक बदलते. तरी शंभर योजने म्हणजे शेकडो मैल, अर्थात आळंदी ते पंढरपूर या पायी वारीहून जास्त अंतर.

आणि त्याच उपदेशाच्या शेवटी एक सूचना आहे, जी उत्साहाने चालण्याचा उल्लेख करणारे बहुधा गाळतात : कृश रुग्णाला मात्र जपावे. ग्रंथकाराला स्वादुपिंडाचे कार्य माहीत नव्हते, रक्तातील साखर माहीत नव्हती. तरीही एकाला चालवायचे आणि दुसऱ्याला जपायचे, हा भेद त्याने पाहिला. युरोपात लॅन्सेरो यांनी १८८० च्या सुमारास ‘कृश’ आणि ‘स्थूल’ मधुमेह वेगळे मानले, आणि हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये इन्सुलिनला दाद देणारे व न देणारे असे दोन प्रकार प्रयोगाने दाखवले. या संहितेचे श्रेय या भेदात आहे. तिच्यात आधुनिक शरीरशास्त्र शोधण्याची गरज नाही.

६/ श्रमाने साखर कमी होते, हे पाहिले दोघांनीही. ती जाते कोठे? याचे पहिले ठोस उत्तर एका घोड्याच्या जबड्यातून आले.

१८८७ मध्ये शोव्हो आणि कॉफमान या फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोड्याच्या चघळण्याच्या स्नायूत जाणारे रक्त आणि त्यातून बाहेर येणारे रक्त, दोन्ही तपासले. घोडा स्वस्थ उभा असताना आणि तो चारा चघळत असताना. चघळू लागताच स्नायू रक्तातून कितीतरी अधिक साखर उचलू लागला. स्नायू हा साखरेचा मोठा गिऱ्हाईक आहे, हे शरीरशास्त्राला गवताच्या पेंढीवर कळले.

७/ दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी स्ट्रासबर्ग येथे कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला मधुमेह झाला. रोगाचे घर सापडले. औषध सापडायला आणखी तीन दशके लागली.

मधल्या काळात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांचा उपवासोपचार रूढ झाला. लघवीतील साखर जाईपर्यंत उपाशी ठेवायचे, मग मोजून मापून जेमतेम अन्न द्यायचे. ॲलन यांनी १९१५ मध्ये व्यायामावरही टिपण लिहिले : श्रमाने रक्तातील साखर उतरते, रुग्णाची अन्न पचवण्याची मर्यादा वाढते. पण ज्यांना ते व्यायाम सांगत होते, त्यांतील कित्येक उपवासाने हाडांचे सापळे झाले होते. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज ही ॲलन यांची रुग्ण. पंधराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर, ऑगस्ट १९२२ मध्ये, ती टोरोंटोला पोहोचली तेव्हा तिचे वजन ४५ पौंड, म्हणजे सुमारे वीस किलो होते.

८/ टोरोंटोला, कारण तेथे ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले होते. ते फारसे लागू पडले नाही; जेम्स कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिला आणि तो लागू पडला. बँटिंग, बेस्ट, मॅकलिऑड यांची कथा सर्वश्रुत आहे, ती येथे पुन्हा नको.

व्यायामाच्या इतिहासासाठी टोरोंटोपेक्षा लंडनचे एक नाव महत्त्वाचे आहे : आर. डी. लॉरेन्स.

९/ लॉरेन्स स्वतः डॉक्टर आणि स्वतः मधुमेही. रोग असाध्य म्हणून, उरलेले दिवस काढायला ते इटलीत फ्लॉरेन्सला गेले होते. १९२३ मध्ये लंडनहून त्यांच्या मित्राचा निरोप आला, की इन्सुलिन हाती आले आहे, ते काम करते, लगेच परत या. ते परतले आणि १९६८ पर्यंत जगले.

१९२६ मध्ये त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. इन्सुलिन घेऊन स्वस्थ बसल्यास साखर जितकी उतरते, त्याहून इन्सुलिन घेऊन व्यायाम केल्यास ती अधिक वेगाने आणि अधिक खाली उतरते. म्हणजे श्रम करणाऱ्याला इन्सुलिन कमी लागते. आणि मात्रा तीच ठेवली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. दुसरी बाजूही याच काळात स्पष्ट झाली : शरीरात इन्सुलिन जवळजवळ नसेल, तर व्यायामाने साखर आणि रक्तातील आम्लता उलट वाढते. कृशाला जपावे, या सूचनेला आता कारण मिळाले.

१०/ बोस्टनचे इलियट जोस्लिन यांनी आहार, इन्सुलिन आणि व्यायाम यांना एका रथाचे तीन घोडे म्हटले. प्रतिमा लोकप्रिय झाली. पण प्रत्यक्षात तिसरा घोडा बराच काळ तबेल्यातच राहिला. इन्सुलिनची मात्रा मोजता येत होती, आहाराचा तक्ता करता येत होता. श्रम मोजायचे कसे?

११/ आणि तेवढ्यात रोगाने आपले रूप पालटले.

इन्सुलिनपूर्व काळात मधुमेही प्रामुख्याने आम्लतेच्या मूर्च्छेत मरत. जोस्लिन रुग्णांच्या मृत्यूच्या नोंदी दशकानुदशके काटेकोर ठेवत होते, आणि त्या नोंदींत हे कारण झपाट्याने खाली गेले. त्याची जागा हृदय, मूत्रपिंडे आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी घेतली. इन्सुलिनने रुग्णाला आयुष्य दिले, आणि त्या वाढलेल्या वर्षांत त्याच्या धमन्या बंद होऊ लागल्या. मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ पासून हजारो रहिवाशांच्या हृदयाचा मागोवा घेतला जात होता. तेथील १९७९ च्या निष्कर्षांत मधुमेह्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका दुप्पट-तिप्पट आढळला. ऋतुनिवृत्तीपूर्वी स्त्रियांना हृदयविकारापासून जे नैसर्गिक संरक्षण असते, तेही मधुमेहात बरेचसे हिरावले जाते.

१२/ आता त्या रुग्णाच्या जागी उभे राहून पाहावे. मधुमेहासाठी डॉक्टर म्हणतात चाला. त्याच रुग्णाला हृदयविकाराचा झटका आला, तर दुसरे डॉक्टर म्हणतात हलू नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटक्यानंतर सहा आठवडे बिछान्यात पडून राहणे हा सर्वमान्य उपचार होता. हृदयाच्या स्नायूची जखम भरेपर्यंत त्याला विश्रांती हवी, ही समजूत इतकी पक्की होती की रुग्णाला स्वतःच्या हाताने जेवूही देत नसत. पायांत रक्ताच्या गाठी होत, त्या फुप्फुसात जात, आणि मृत्यूचा दोष हृदयावर जाई.

१३/ बोस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णांना बिछान्यातून काढून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. १९५२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, तेव्हा केवळ खुर्चीत बसवणे हेही धाडस होते! तीन वर्षांनी, सप्टेंबर १९५५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. त्यांना पाहणारे पॉल डडली व्हाईट स्वतः सायकल चालवणारे, चालण्याचे पुरस्कर्ते. त्यांनी अध्यक्षांना लवकर उठवले आणि पत्रकारांसमोर हृदयाची माहिती मोकळेपणाने सांगितली. पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले. बिछान्याची सक्ती मोडण्यात या एका रुग्णाचा वाटा अनेक शोधनिबंधांपेक्षा मोठा असावा.

१४/ पण विश्रांती घातक आहे, एवढ्यावरून श्रम हितकारक आहेत हे सिद्ध होत नाही. तो पुरावा लंडनच्या दुमजली बसमधून आला, आणि या धाग्यातील सर्वांत सुंदर संशोधन हेच.

१५/ जेरी मॉरिस हे सामाजिक वैद्यकाचे अभ्यासक. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये हृदयविकार का वाढतो आहे, याचा ते शोध घेत होते. त्यांनी व्यवसायांची तुलना केली. लंडनच्या बसमध्ये दोन माणसे काम करीत : चालक आणि वाहक. दोघांची कंपनी एक, सामाजिक स्तर जवळजवळ एक, हवा आणि शहरही एकच. फरक एवढाच, की चालक आख्खी पाळी बसून असे, आणि वाहक तिकिटे फाडत दिवसातून पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे-उतरे.

१९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले. वाहतूक खात्यातील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या नोंदी. वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी, तो आला तरी उशिरा, आणि आल्यावर लगेच मृत्यू येण्याचे प्रमाण तर चालकांच्या निम्म्याहूनही कमी. टपाल खात्यातही तेच चित्र : पायी वा सायकलने पत्रे वाटणारे पोस्टमन बैठ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित.

१६/ शंका घेणाऱ्यांनी विचारले, की मुळात जाड माणसेच चालकाची नोकरी पत्करत असतील तर? मॉरिस यांनी ही शंका झटकली नाही. ते गणवेश शिवणाऱ्या विभागाकडे गेले आणि विजारींच्या कमरेची मापे घेऊन आले. १९५६ मध्ये ती प्रसिद्ध झाली : चालकांच्या कमरा खरोखरच रुंद होत्या, आणि नोकरीच्या आरंभीच्या वयातही रुंद होत्या. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येईना. मात्र कमरेचे माप एकच असतानाही वाहकांचे पारडे जड राहिले.

आपल्याच निष्कर्षाला पोखरू शकणारा पुरावा शोधायला स्वतः जाणारा संशोधक इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही लक्षात ठेवावा असा आहे. मॉरिस पुढे फुरसतीतील व्यायामाकडे वळले. १९७३ मध्ये सुमारे १७ हजार सरकारी नोकरांच्या अभ्यासात जोमदार व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार कमी आढळला. मॉरिस स्वतः २००९ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी वारले.

१७/ उलट दिशेचा प्रयोग अमेरिकेत डॅलस येथे झाला. १९६६ मध्ये बेंग्ट साल्टिन आणि सहकाऱ्यांनी विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवले. शरीराची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता, जिला आपण दमसास म्हणू, एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. तीन दशकांच्या वयोमानाने त्यांचा दमसास जितका घटला होता, त्याहून जास्त तो त्या तीन आठवड्यांत घटला होता.

हाच बिछाना साखरेचेही गणित बिघडवतो, हे हॅरी ब्लॉटनर यांनी १९४५ मध्येच दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांत दाखवले होते. हृदय आणि साखर हे दोन वेगळे विषय राहिले नव्हते. दोन्हींच्या मध्ये स्नायू उभा होता.

१८/ घोड्याच्या जबड्याचे कोडे १९८० च्या दशकाअखेर उलगडू लागले. स्नायूपेशीत साखर आत घेणारे एक वाहक प्रथिन असते; त्याला ग्लूट-४ म्हणतात. इन्सुलिन आले की ते पेशीच्या पृष्ठभागावर येते. परंतु स्नायू आकुंचन पावला, तरीही ते येते, आणि त्याला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. प्रौढवयातील मधुमेहात इन्सुलिनचा दरवाजा गंजलेला असतो. चालणाऱ्या माणसाला मागचा दरवाजा उघडा मिळतो.

१९/ मग दमसास आणि मधुमेही यांना एकत्र मोजले गेले. डॅलसमधीलच कूपर क्लिनिकमध्ये लोकांना चालत्या पट्ट्यावर दमेपर्यंत चालवून त्यांची क्षमता नोंदवली जाई. त्यांतील प्रौढवयातील मधुमेह असलेल्या १२६३ पुरुषांचा सुमारे बारा वर्षांचा मागोवा २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा दमसास कमी, त्यांचा मृत्यूचा धोका दुपटीहून थोडा अधिक होता. वजन, धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब वेगळा काढूनही. स्थूल पण दमदार माणूस सडपातळ पण दमसास नसलेल्यापेक्षा बरा असू शकतो, ही कल्पना येथून पसरली.

२०/ सडपातळपणावर विसंबू नये याचे दुसरे, आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे. २००४ मध्ये पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. स्नायू कमी, चरबी अधिक, आणि आरशात सडपातळ : भारतीय शरीराची ही ठेवण याज्ञिकांनी अनेक वर्षे अभ्यासली आहे. साखरेचा मोठा गिऱ्हाईक जर स्नायू असेल, तर ज्या समाजात तो मुळातच कमी आहे तेथे त्याला काम देण्याचा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो. २००६ मध्ये चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने ५३१ जणांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या सीमेवरील भारतीयांत आहार-व्यायामाने रोगाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या औषधाने २६.४ टक्क्यांनी.

२१/ येथवर सारे सुखावह आहे. मग २०१२ उजाडले.

अमेरिकेत ‘लुक अहेड’ नावाचा प्रचंड प्रयोग चालू होता. प्रौढवयातील मधुमेह असलेले ५१४५ स्थूल रुग्ण. अर्ध्यांना नेहमीचे मार्गदर्शन, अर्ध्यांना कडक आहार आणि आठवड्याला १७५ मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट. प्रश्न एकच : याने हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू टळतात का? साडेनऊ वर्षांनंतर प्रयोग थांबवण्यात आला, कारण दोन्ही गटांत फरकच दिसत नव्हता.

२२/ खुलासे अनेक दिले गेले. दुसऱ्या गटाला कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाची औषधे अधिक मिळाली. पहिल्या वर्षी प्रयोगगटाने साडेआठ टक्क्यांहून अधिक वजन घटवले, पण अखेरीस ६ टक्केच टिकले. इन्सुलिन कमी लागणे, मूत्रपिंडे आणि हालचालीची क्षमता टिकणे असे इतर लाभ झालेच. हे सर्व खरे. तरीही ज्या प्रश्नासाठी प्रयोग मांडला होता, त्याचे उत्तर नकारार्थी आले, आणि ते तसेच नोंदवले पाहिजे. व्यायामाचे पुरस्कर्ते हा प्रयोग सांगताना बऱ्याचदा घाईत असतात.

२३/ त्याच प्रश्नाचे वेगळे उत्तर मात्र चीनमधील एका तेलनगरीत हळूहळू तयार होत होते.

दाचिंग, हेलोंगच्यांग प्रांत. १९८६ मध्ये तेथील ३३ दवाखान्यांत १,१०,६६० लोकांची तपासणी होऊन मधुमेहाच्या सीमेवरील ५७७ जण निवडले गेले. पान श्याओरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दवाखान्यांची चार गटांत वाटणी केली : काहीच नाही, आहार, व्यायाम, दोन्ही. व्यायामासाठी यंत्रे नव्हती, एक साधी मोजपट्टी होती. सावकाश चालणे ३० मिनिटे, भराभर चालणे किंवा सायकल २० मिनिटे, जिना चढणे १० मिनिटे, दोरीवरच्या उड्या ५ मिनिटे : यांतील प्रत्येक म्हणजे एक एकक. रोज एक-दोन एकके वाढवायची. जोस्लिन यांच्या तिसऱ्या घोड्याला लगाम मिळाला तो असा.

२४/ सहा वर्षांनी, १९९२ मध्ये, प्रयोग संपला. काहीच न सांगितलेल्या गटात ६७.७ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, व्यायामाच्या गटात ४१.१ टक्के. मार्गदर्शन बंद झाले, लोक आपापल्या आयुष्याला लागले. संशोधक मात्र नोंदी ठेवत राहिले.

वीस वर्षांचा हिशेब २००८ मध्ये निघाला. मधुमेह लांबलेला दिसत होता, पण हृदयविकाराच्या मृत्यूंत खात्रीने सांगण्याजोगा फरक नव्हता. अगदी ‘लुक अहेड’सारखाच निकाल. आणखी तीन वर्षांच्या नोंदी जमा झाल्या आणि २०१४ मध्ये तेवीस वर्षांचा हिशेब आला : हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू एकीकडे १९.६ टक्के, आहार-व्यायामाच्या गटांत ११.९ टक्के. ही माणसे आरंभी मधुमेही नव्हती, अमेरिकेतील रुग्ण होते. हा फरक मोठा आहे, दोन्ही प्रयोग एका तराजूत घालता येत नाहीत. २०१९ मध्ये तीस वर्षांचा हिशेबही प्रसिद्ध झाला. तोवर प्रयोगगटात मधुमेह सरासरी चार वर्षे उशिरा आला होता, आणि आयुष्य सुमारे दीड वर्षाने वाढले होते.